लाडोबा मागे सरतो

"बघा आई, लाडोबा भ्याला मला! मागे सरतोय!" मेंढवाड्यात उभी सून हसत म्हणाली. तिच्या हातात चाऱ्याची बादली होती.

कुंपणाबाहेरून सासूनं ते पाहिलं. मेंढा भिऊन मागे सरत नाही. जितकी पावलं मागे, तितकी धडक जबर.

"पळू नकोस!" ती ओरडली. "बादली टाक आणि त्याच्याजवळ जा. अगदी अंगाला चिकट त्याच्या!"

"काहीतरीच! त्या शिंगांजवळ?"

शिंगं दीड वेढा घालून गालांशी आली होती, दगडासारखी टणक. लाडोबाला सासूनंच बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. तिचा नवरा मरेपर्यंत सांगत होता, "बाटलीवरचा नर ठेवू नये. त्याला माणसाची भीती राहत नाही. माणूसही त्याला दुसरा मेंढाच वाटतो." पण ऐकेल ती ही कसली! "माझा लाडोबा म्हणजे मांजर," म्हणून शेजारीपाजारी मिरवली. गेल्या महिन्यात त्याच मांजरानं तिची बरगडी मोडली, तेव्हा घरात सांगितलं, पायरीवरून पडले. नाक वर राहायला हवं ना! तेव्हापासून फाटक उघडताना तिचे हात कापायचे, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती घरादारावर खेकसायची.

आता ते खोटं सुनेच्या जिवावर उठलं होतं.

लाडोबानं आणखी एक पाऊल मागे घेतलं, मान खाली घातली. सून कुंपणाला चिकटली. हसू कुठल्या कुठे पळालं.

सासूनं फाटक ढकललं. पण धावली नाही. बाजूनं गेली, सगळा भार त्याच्या खांद्यावर टाकला आणि दोन्ही हातांनी शिंग धरलं. धावायला जागाच नाही तर धडक कसली? तो नुसता रेटू लागला. बरगडीतली कळ थेट मस्तकात गेली.

"आता जा. हळू. त्याला पाठ दाखवू नकोस."

बाहेर पोचताच सुनेला रडू फुटलं. मग तिला दिसलं, म्हातारीचा एक हात बरगडीवर गेला होता.

"आई, तुम्ही पायरीवरून पडला नव्हता."

"नव्हते. आता माहेरी दवंडी पिटू नकोस. खाटकाला निरोप धाड. आजच."

"तुम्ही आधी बाहेर या ना!"

"येते."

शिंग सोडलं की तो पुन्हा मागे सरणार, हे तिला ठाऊक होतं. हात सुटेना. लाडोबानं मात्र रेटणं थांबवलं होतं. तिच्या बरगडीवरच्या हातात तोंड खुपसून तो बाटली शोधत होता.