ओट्यावर कोण बसणार?

शहापूरचा बाजाररस्ता रुंद झाला आणि आईची जागा गेली. चौदा वर्षं ती मेडिकलच्या पायरीशी जमिनीवर बसायची. आता तिथे पेव्हर ब्लॉक, स्टीलचा कठडा, आणि समोर काचेच्या दाराचं गारेगार मार्ट. भाजीवाल्या बायांना नव्या मंडईत ओटे मिळणार होते. शनिवारी बाराच्या आत सही करायची, नाहीतर नाव कट.

शाळा सकाळची होती. सुटल्याबरोबर मी दप्तरासकट मंडईत. डोळखांबच्या एसटीने आई आणि लहानी मावशी रानातल्या शेवळांच्या भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन आल्या आणि ओटे बघून जागीच थांबल्या. माझ्या कमरेच्या वर होते!

"साहेब, शिडी पन देनार का?" मावशीने सह्या घेणाऱ्या साहेबांना विचारलं.

"माळ्यावर बसल्यागत दिसू," आई फणकारली. "मी नाय सही करनार. दिवाळी झाली की वीटभट्टीवर जाऊ."

वीटभट्टी म्हणजे घराला कुलूप आणि माझी दहावी अर्धवट.

"पावणेबारा झाले, बाई," मंडईचे साहेब आईला म्हणाले.

"हात लाव गो," आई मला म्हणाली. जड पाटी डोक्यावरून जमिनीवर एकटीला उतरत नाही. चौदा वर्षं आई हे कोणालाही म्हणत आलीये, रिक्षावाल्यालासुद्धा. मी हात पुढे केला, आणि ओट्याकडे बघून मागे घेतला.

"नाय लावत."

"आं?"

"तूच उतरव. ओट्यावर."

आईने डोळे वटारले. मग पुढे झाली, दोन्ही हातांनी पाटी धरून जराशी वाकली, आणि पाटी सरकत ओट्यावर टेकली. कोणाचा हात न लागता! आई स्वतःच्या हातांकडे बघतच राहिली.

"आये, यावर तू नाय बसायचं. शेवळं बसनार. तू पलीकडं उभी."

"दिसभर? पाय मोडायचे माझे."

"उंच स्टूल आनू की!" मी म्हणाले. आई वळसा घालून ओट्यामागे गेली.

तेवढ्यात मार्टची पिशवी घेतलेल्या एक मॅडम आल्या. "अय्या, शेवळं! तिकडे नाहीतच. कशी जुडी?"

"वीस."

"कमी कर की गं काहीतरी."

रस्त्यावर आई अशा वेळी उन्हाने डोळे बारीक करून वर बघायची आणि पंधरावर यायची. आज ती ओट्यामागे सरळ उभी होती. मॅडमचे डोळे समोरच, अगदी एका रेषेत.

"वीसच. खाजू नयेत म्हनून आंबट काकडं लागतात, ती त्यातच देते."

मॅडमनी दोन जुड्या घेतल्या.

"कुठं करायची सही?" आईने साहेबांना दणक्यात विचारलं. माझंच पेन घेतलं, परतही दिलं नाही.

मावशीने शेजारचा ओटा धरला आणि सवयीने हाक मारली, "काजले, हात लाव गो!"

मी हात लावायला निघालेच होते. आईने मला दप्तराला धरून मागे ओढलं.

"नाय लावनार ती," आई म्हणाली. "तूच उतरव, लहाने."