बोळ्याचं पाय आपटणं

माझा ससा बोळा घाबरला किंवा चिडला की मागचा पाय फरशीवर दाणकन आपटायचा. इतका जोरात, की खालच्या मजल्यावरचे आजोबा काठीने छत ठोकायचे.

थोरली ताई नवऱ्याशी भांडून दोन मांजरं घेऊन माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तर बोळ्याने घर डोक्यावर घेतलं. मांजरांची नावं साहेब आणि मॅडम, आणि वागणंही तसंच. मी म्हटलं, बोळा माझ्या खोलीत राहील, दार बंद करून.

"दारं कसली बंद करतेस? आठ दिवसांत गट्टी जमेल. तू मेली पहिल्यापासून भित्री," ताई म्हणाली. मी कामावर गेले की ती दार सताड उघडायची.

आठवडाभराने आपटणं थांबलं. ताईने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. बोळा कोपऱ्यात बसलाय, साहेब त्याचा कान चाटतायत, मॅडम शेजारी पसरल्यात. "बघ, कसा शहाण्यासारखा बसलाय!"

आणि मी काय केलं? तो व्हिडिओ दुकानात सगळ्यांना कौतुकाने दाखवला. मी चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवते. केसाएवढा ओरखडा माझ्या नजरेतून सुटत नाही. पण हे सुटलं. स्वतःवरचा तो संताप अजून जात नाही, आणि तो ताईवर ढकलताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोळ्याचा ट्रे झाडायला घेतला. एरवी ओंजळभर लेंड्या असतात. त्या दिवशी तीनच होत्या, मोहरीएवढ्या. गाजराचा पाला जसाच्या तसा पडलेला. बोळ्याला टॉवेलमध्ये गुंडाळून तशीच प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले.

त्यांनी पोट तपासलं. "आतडं थांबत आलंय. घरात मांजरं आहेत का?"

"आहेत, पण त्यांचं छान जमतं," मी म्हटलं आणि व्हिडिओ पुढे केला.

त्यांनी तो दोनदा पाहिला. "डोळे बघा त्याचे, पांढरं दिसतंय. हा शांत बसलेला नाही. हललो तर मरेन, म्हणून हलत नाहीये. अजून एक दिवस उशीर केला असता तर हाती लागला नसता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ दिवस तो जीव मुठीत धरून होता, आणि तो गप्प झाला म्हणून आम्ही कौतुक करत होतो!

चार दिवस मी रजा घेतली. दर तीन तासांनी सिरिंजने त्याच्या तोंडात पातळ खाणं घातलं. पाचव्या दिवशी ट्रेमध्ये ओंजळभर लेंड्या दिसल्या आणि मी तिथेच बसून रडले.

तेवढ्यात ताई साहेबांना काखोटीला मारून दारात आली. "झाला ना बरा? चल, भेटू दे यांना. बिचारे वाट बघतायत."

बोळ्याने कान मागे टाकले. दाण!

"झालं याचं परत सुरू! गप्प होता तेव्हा किती गुणी होता."

लहानपणी पाहुण्यांसमोर माझंही ती असंच कौतुक करायची.

"ताई, मांजराला घेऊन बाहेर हो. आजपासून या दाराला कुलूप, आणि किल्ली माझ्याकडे."

"एका सशासाठी मला बाहेर काढतेस? मी तुला लहानाचं मोठं केलं!"

"केलंस. तरी बाहेर हो."

ती हलली नाही. बोळ्याने पुन्हा पाय आपटला. खालून आजोबांची काठी वाजली. मग मीही टाच उचलली आणि सगळा जोर लावून फरशीवर आपटली.