शीत तरंगेल इतकं मीठ

सकाळपासून थोआनं बारा पिंपांमधल्या बोळातून किती खेपा घातल्या, देव जाणे. एक नंबरपासून बारापर्यंत जायचं, परत फिरायचं, सातपाशी थांबायचं, तोटीखालच्या मडक्यात वाकून बघायचं आणि पुढे निघायचं. दर दोन खेपांनंतर ती विहिरीमागे जायची. खिशातली बोटाएवढी बाटली काढायची, मान मागे टाकून दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब सोडायची आणि डोळे मिटून उभी राहायची. सुरुवातीला एका थेंबावर अख्खा दिवस निघायचा. आता तास निघत नव्हता.

परवा पौर्णिमा. पौर्णिमेला सात नंबरसाठी खिएम येणार होता.

खिएम साइगॉनचा व्यापारी. बावीस वर्षं तो समुद्रकाठच्या फान थिएतच्या या गल्लीत माशांचा अर्क घ्यायला येत होता, आणि बावीस वर्षांत त्यानं स्वतः कधी वाटी नाकाला लावली नव्हती. तोटीतून काढलेला तांबूस अर्क पांढऱ्या वाटीत घ्यायचा, थोआच्या नाकाखाली धरायचा आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचं, एवढंच त्याचं काम. ती "आहे" म्हणाली की पिंप त्याचं. "नाही" म्हणाली की झाकण परत बंद. मासळी आणि मीठ वर्षभर पिंपात मुरतं, ते नेमकं कधी तयार झालं हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. ते नाकाला कळतं. नवरा गेल्यावर गल्लीतल्या बायका म्हणाल्या होत्या, आता ही विकणार सगळं. थोआनं काही विकलं नाही. तिच्या त्या एका शब्दावर घर उभं राहिलं.

आणि नव्या वर्षापासून, म्हणजे गेले सात महिने, तिला कशाचाच वास येत नव्हता.

कपाळात दगड भरल्यासारखं व्हायचं. वाकलं की गालाची हाडं ठणकायची आणि घशात घाणेरडा शेंबूड उतरायचा. शेजारणीनं जांभळ्या फुलांच्या रानझाडाचा रस नाकात पिळायला सांगितला, तिनं पिळला. डोकेदुखीवरचं हिरवं तेल चोळचोळून कानशिलं सोलून काढली. गवती चहाची पानं उकळून चादरीखाली वाफ घेतली. वाफेनं घटकाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. शेवटी कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं ही बाटली दिली. थेंब सोडताच नाक उघडलं, आणि थोआला वाटलं, सुटले. ती काही सुटली नव्हती, चांगली अडकली होती.

हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मुलगा दर्यावर, पंधरा-पंधरा दिवस यायचा नाही. राहिली सून, क्वेन. आणि क्वेनला तर थोआनं मोठ्या हुशारीनं वापरून घेतलं होतं.

"ये गं, बघ जरा," वाटी पुढे करून ती म्हणायची, "कसं वाटतंय?"

"अजून जरा कच्चं आहे, आई. वर गोड येतंय, पण खाली काहीतरी राहिलंय."

"हं. तुला काय कळतंय!" असं म्हणून थोआ तोंड फिरवायची आणि पिंप मुकाट्यानं महिनाभर तसंच ठेवायची. क्वेनला वाटायचं, सासू शिकवते आहे. चार वर्षांपूर्वी डोंगराकडच्या गावातून लग्न होऊन आलेली पोर, जिनं आधी जन्मात पिंप पाहिलं नव्हतं, तिच्या नाकावर सात महिने घर चाललं होतं. नव्या वर्षानंतर खिएमनं नेलेली दोन्ही पिंपं तिचीच पारख. आणि तिच्या वाट्याला रोज काय, तर "तुला काय कळतंय!"

पण काल क्वेन पिंपघराच्या दारात आली आणि तोंडावर बाही दाबून तशीच मागे पळाली. गटाराशी ओकली. मग लाजत म्हणाली, "आई, दुसरा महिना लागलाय. सगळ्याचीच घाण येते हो. भाताचीसुद्धा."

थोआच्या डोळ्यांत पाणी आलं. नातवंडाचा आनंद खराच होता. पण त्याच्या पाठोपाठ धास्ती आली, तीही तितकीच खरी. आता सात नंबरचं काय?

म्हणून आज चौदाव्या खेपेनंतर, की पंधराव्या, तिनं डोक्यावर टोपी चढवली आणि कुणाला न सांगता बाजारामागच्या नाक-कान-घशाच्या दवाखान्यात जाऊन बसली. बसली म्हणजे काय, बाकावर टेकली, उठली, दारापर्यंत गेली, परत आली. शेवटी परिचारिका म्हणाली, "मावशी, बसा की! तुमच्या फेऱ्यांनी मला चक्कर येईल."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तुयेत नावाच्या. त्यांनी बारीक नळी नाकात घातली, पडद्यावर आतलं दाखवलं. ओल्या, फिकट, द्राक्षांसारख्या गाठी दोन्ही बाजूंना.

"पिंपघर आहे ना तुमचं?" त्या म्हणाल्या. "वासावरूनच कळलं."

"कळलं तुम्हाला," थोआ म्हणाली. "मला नाही कळत."

"मग तुम्हाला तुमच्याच भाषेत सांगते. कपाळात, गालांत, डोळ्यांमागे हाडांमध्ये पोकळ्या असतात. प्रत्येकीला एक बारीक तोटी, ती नाकात उघडते. पिंपाची तोटी बुजली तर आतलं काय होतं?"

"नासतं."

"तसंच झालंय. आत सूज आहे, हे कोंब वाढलेत, तोट्या बंद, आत पू साचलाय. आणि वास जिथे कळतो तिथपर्यंत हवा पोचतच नाही. थेंब कुठले घालता?"

थोआनं बाटली काढून दिली. तुयेतबाईंनी ती उलटीसुलटी केली.

"किती दिवस?"

"सात महिने."

"सात महिने! हे पाच दिवसांच्या वर घालायचं नसतं, मावशी. आता ते उतरलं की नाक आधीपेक्षा जास्त फुगतं, की तुम्ही परत घालता. निम्मी सूज या बाटलीची आहे. आजपासून बंद. पहिला आठवडा जीव नकोसा होईल, सांगून ठेवते."

मग बाटली परत देऊन त्यांनी बाकीचं सांगितलं. रोज दोनदा कोमट मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं, आधी उकळून गार केलेल्या पाण्यानं. त्यानंतर एक फवारा, तो सूज उतरवतो, पण आठवड्यांनी. आज मारला आणि उद्या उघडलं असं नाही. थोडे दिवस गोळ्या. दोन महिन्यांनी डोक्याचा आतला फोटो, आणि कोंब तसेच राहिले तर शस्त्रक्रिया.

"ओठ उचलून हाड फोडतात ना?" थोआनं विचारलं. शेजारणीच्या दिराचं ऐकलेलं होतं.

"तो जमाना गेला. आता नाकातूनच जातात. चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नाही."

"आणि वास? येईल परत?"

"पुष्कळांना येतो. काहींना थोडा येतो. वचन नाही देऊ शकत."

"परवापर्यंत?"

तुयेतबाईंनी नकारार्थी मान हलवली आणि सगळं कागदावर लिहून दिलं. जाताना परिचारिकेनं मिठाच्या मापलेल्या पुड्यांचा डबा पुढे केला, एक पुडी पेलाभर पाण्याला. थोआनं डबा तिथेच ठेवला. वा रे वा! जिच्या कोठारात ‘का ना’ गावच्या मिठागरातलं मीठ छतापर्यंत रचलंय, तिनं मीठ विकत घ्यायचं!

घरी आल्यावर तिनं पाणी उकळलं, गार केलं आणि मीठ घातलं. किती? तिला मिठाच्या पाण्याचं एकच माप ठाऊक होतं. पहिला अर्क काढून झाला की पिंपात दुसरं पाणी सोडतात, त्याचं माप. भाताचं शीत टाकायचं. बुडलं तर मीठ कमी. ते वर येऊन तरंगू लागलं की पाणी झालं. सासूनं तिला असंच शिकवलं होतं, तिच्या सासूला तिच्या सासूनं. ती मूठमूठ मीठ घालत गेली, आणि शीत एकदाचं वर आलं. मग विहिरीमागे वाकून तिनं ते पाणी चंबूनं जोरात एका नाकपुडीत ओतलं.

किंकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. क्वेन धावत आली तेव्हा सासू चिखलात बसली होती, नाकातून पाणी आणि रक्त एकत्र गळत होतं, आणि दोन्ही हातांनी ती कपाळ बडवत होती.

"आई! काय केलंत हे?"

थोआनं भांड्याकडे बोट केलं. क्वेननं भांड्यात बघितलं. वर शीत तरंगत होतं. पिंपाचं माप नाकात कशाला, ते तिला समजेना, पण सासूच्या खिशातून चिखलात पडलेली बाटली दिसली, डॉक्टरांचा कागद दिसला. कागद तिनं वाचला. एकदा, मग परत एकदा.

"वास येत नाही," ती हळू म्हणाली. "नव्या वर्षापासून."

थोआनं मान डोलावली.

"म्हणजे चार नंबरचं पिंप... अकरा नंबरचं... ते तुम्ही माझ्या सांगण्यावरून?"

"होय."

 आधी क्वेननं सासूचं तोंड साध्या पाण्यानं धुतलं, नाक दाबून धरून रक्त थांबवलं. मग उभी राहिली.

"सात महिने मला रोज म्हणालात, तुला काय कळतंय. रोज! मी रात्री पडल्या पडल्या विचार करायचे, माझ्यात काय कमी आहे म्हणून. एकदा तरी सांगायचं होतंत, आई. मी काय गावभर दवंडी पिटली असती?"

"लाज वाटली गं," थोआ म्हणाली. "दुसरं काय?"

त्यावर क्वेन घरात निघून गेली, आणि दुसरा अख्खा दिवस दोघी एकमेकींना चुकवत राहिल्या. थोआचं नाक तर पार बंद झालं होतं. तोंडानं श्वास घेत ती बसायची, उठायची, आडवी व्हायची, पुन्हा उठायची. चार वेळा हात रिकाम्या खिशाकडे गेला. बाटली क्वेननं कुठे टाकली होती कोण जाणे, आणि विचारायची सोय नव्हती.

पौर्णिमेला दहाच्या सुमाराला खिएम आला. आल्या आल्या नेहमीसारखा मोठ्यानं हसला, थोआच्या नवऱ्याच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली आणि सात नंबरच्या तोटीखाली वाटी धरली. मग ती वाटी थोआच्या नाकाखाली आणून तो तिच्या तोंडाकडे बघू लागला.

"आहे" म्हणायला कितीसा वेळ लागतो? रंग सुरेख होता. तिनं जिभेवर थेंब घेऊन मीठही बघितलं होतं. तिचे ओठ हलले, आणि तिनं वाटी बाजूला केली.

"खिएमभाऊ, मला वास येत नाही. नव्या वर्षापासून. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात, ती पारख हिची होती," तिनं दारात उभ्या असलेल्या क्वेनकडे बोट केलं. "मी तुम्हाला फसवलं."

खिएमनं वाटी खाली ठेवली. मिशी कुरवाळली.

"ताई, एक सांगू? राग मानू नका," तो म्हणाला. "त्या दोन पिंपांनंतर गिऱ्हाइकं मला विचारत होती, बाईनं काय वेगळं केलंय? बावीस वर्षांत तुमच्याकडून तसा माल आला नव्हता."

थोआला ते लागलं. बावीस वर्षं! तिच्या अस्सल, उघड्या नाकाची बावीस वर्षं, आणि या पोरीचे सात महिने. तिला राग आला, रडू आलं, आणि खोलवर कुठेतरी, तिचं तिलाच नवल वाटलं, ऊर भरून आला.

क्वेन पुढे आली. न विचारता तिनं वाटी उचलली, नाकाला लावली, तशीच ठेवून गटाराकडे पळाली. ओकून, चूळ भरून, तोंड पुसत परत आली.

"नाही," ती म्हणाली. "अजून महिना लागेल. आत माशाच्या रक्ताचा वास आहे."

"पोटुशी आहेस ना गं पोरी?" खिएम म्हणाला. "या दिवसांत नाकाचा काय भरवसा?"

"काका, मला भाताची घाण येते, साबणाची येते, तुमच्या उदबत्तीचीसुद्धा येते. पण साबणाला रक्ताचा वास येत नाही. याला येतोय."

खिएमनं तिच्याकडे बघितलं आणि मग, बावीस वर्षांच्या सवयीनं, थोआच्या तोंडाकडे. क्वेननंही बघितलं.  थोआला उठून खेपा घालाव्याशा वाटत होत्या, पण ती बसून राहिली.

"तिनं नाही म्हटलंय ना?" ती म्हणाली. "मग नाही."

तिनं स्वतः उठून तोटीला खुंटी ठोकली. खिएम कुरकुरला, चार तास गाडीत बसून आलो म्हणाला, चहा प्यायला आणि पुढच्या पौर्णिमेचं ठरवून रिकाम्या हातानं गेला. जाताना दारात थांबून त्यानं क्वेनला विचारलं, "नऊ नंबरचं कसं चाललंय?" थोआला नाही विचारलं. थोआनं ते ऐकलं आणि गिळलं.

दुपारी क्वेन विहिरीपाशी आली. हातात एक पेला, कोमट पाण्याचा, आणि चहाचा चमचा.

"दवाखान्यात जाऊन विचारून आले. अर्धा चमचा मीठ, बस. वाकून, तोंड उघडं ठेवून, हळूहळू. जोर करायचा नाही."

थोआनं पेला घेतला, उजेडात धरला. मीठ तर काही दिसेना. एवढ्यानं काय होणार, असं तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. क्वेन घरात गेली, चिमटीत भाताचं शीत घेऊन आली. घाणीनं तिचं नाक मुरडलेलं होतं. तिनं ते पेल्यात टाकलं. शीत गिरक्या घेत सरळ तळाशी जाऊन बसलं.

"बुडलं," क्वेन म्हणाली. "म्हणजे झालं."

थोआनं तळाशी बसलेल्या शिताकडे बघितलं. मग ते बोटानं काढून टाकलं आणि वाकली.