हळदीचं कुंकू करणारं वावर

धानोऱ्याकडच्या आमच्या गावात त्या सकाळी भिकनच्या मिरचीच्या वावरात जत्रा भरली होती. बांधावर चपलांची रास, नारळ-लिंबांची दोन दुकानं आणि मधोमध पाटावर बसलेले भस्मगिरी महाराज. खालच्या वाफ्यांवर पांढरा थर आला होता. महाराज त्याला भस्म म्हणत.

त्यांनी चिमूटभर भस्म तळहातावर घेतलं, पाण्याचे दोन थेंब टाकले, वर हळद भुरभुरवली. पिवळी हळद क्षणात लालभडक झाली.

"देखा, देखा! हळदनं कुंकू व्हई गयं!" बाया हात जोडून वाकल्या.

हळदीची बोटं पांढऱ्या उपरण्याला पुसत महाराज म्हणाले, "साडेचारशे फुटांवर देवीचं माजघर आहे. भिकनच्या नव्या बोअरनं थेट तिथंच भोक पाडलं!"

"मंग देवीना घरमा पानी घुसनं का?" मागून कुणीतरी विचारलं. महाराजांनी पुढच्या बाईच्या पदरात भस्माची पुडी टाकली.

आज्ञा अशी होती: एकवीस दिवस वावराला बोअरचंच पाणी. नांगर लावायचा नाही. जुन्या विहिरीचं पाणी उष्टं, ते बंद. खालच्या अर्ध्या वावरातली मिरची करपली होती, ती म्हणे देवीनं नैवेद्य म्हणून घेतली. विहिरीकडची अर्धी अजून हिरवीगार होती. तिथंही भस्म उगवावं म्हणून भिकननं बोअरचा पाइप तिकडे वळवला होता. बारा वाजता वीज आली की मोटर आपोआप सुरू होणार होती.

माझ्या खिशात एक कागद होता. मी नंदुरबारच्या वाचनालयातून निवृत्त झालेला माणूस. पुस्तकात वाचून शंका आली म्हणून बोअरचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत दिलं होतं. पाण्यात सोडियमचा खार भरपूर, ओलिताला अयोग्य, असं कागदावर होतं. तीन दिवस तो खिशातच राहिला. आपण नीट वाचलंय की नाही, याची खात्री वाटेना.

साडेअकराला मी कागद बाहेर काढला आणि धीर करून म्हणालो, "महाराज, जरा एक विचारायचं होतं..."

पुढच्या माणसानं मागे वळून माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

शेजारी, खारात कापड धुऊन रंगवणाऱ्या रंगाऱ्याची लेक अमिना उभी होती. नंदुरबारहून चादरी विकायला ती गावोगाव फिरते. तिनं माझ्या हातातला कागद पाहिला.

"आप्पा, काय शे हाई?"

"पाण्याचा तपास. त्यात खार निघाला."

"खार?" ती हसली. "मन्हा बापनी आख्खी जिंदगी खारमा गई!" आणि गर्दीतून थेट पुढे गेली. "महाराज, तुम्हनं उपरणं द्या जरा."

महाराज काही म्हणायच्या आत उपरणं तिच्या हातात होतं. बोअरच्या हौदावर भिकनची साबणाची वडी पडली होती. तिनं हळदीच्या डागावर ती ओली करून घासली. डाग लाल झाला.

"मंग साबनना कारखानामा बी देवी शे का?"

एक म्हातारी पुटपुटली, "कपडा धोवाले बठी का रोजच व्हस हाई." तेव्हा पहिलं हसू फुटलं. घरोघरी बाया हळदीचे डाग धुतात, साबणातल्या खारानं लाल झालेले पाहतात. वावरात पाहिलं की हात जोडतात!

अमिनानं पूजेतलं लिंबू कापून महाराजांच्या कुंकवावर पिळलं. बुडबुडे फसफसले आणि कुंकू पुन्हा पिवळं झालं.

"देवी कोपली!" महाराज ओरडले.

"कोपनी तं आजून लाल व्हती ना! पिवळी का बरं पडनी?"

भिकन मात्र हसला नाही. तो माझ्यापुढे आला. "आप्पा, मन्ही मिरची का बरं मरी ऱ्हायनी?"

आता पळायला जागा नव्हती. मी त्याचं खुरपं घेतलं. कालचं पाणी सरीत अजून तुंबलेलं होतं. महाराज त्याला क्षीरसागर म्हणत. शेजारी वीतभर खणलं, तर आत माती कोरडी ठणठणीत. "पाणी उडून जातं, खार मागे राहतो; हे भस्म तोच. त्यानं काळी माती चिखलासारखी लिंपली जाते, तिची भोकं बुजतात. वर तळं, आणि मुळं तहानलेली. हे पाणी तिकडे सोडलंस तर..."

तेवढ्यात वीज आली. मोटर घरघरली, पाइप फुगला.

भिकन धावला. हिरव्या मिरचीच्या पहिल्या सरीत पाणी शिरण्याआधी त्यानं पाइप उपसून बांधाबाहेर फेकला. मग मोटर बंद केली, आणि विहिरीचं इंजिन ओढून सुरू केलं.

खालचं वावर लगेच सुधारणार नाही. माती तपासून जिप्सम घालावं लागेल, शेणखत द्यावं लागेल, चर काढून पावसाच्या पाण्यानं खार धुऊन काढावा लागेल. महाराजांच्या एकवीस दिवसांत ते होत नाही. महाराज तर एकवीस मिनिटंही थांबले नाहीत. उपरणंही विसरून गेले.

पदरात पुडी बांधलेल्या एकीनं अमिनाला विचारलं, "माय, आते या भस्मनं काय करू?"

"कपडा धोय."

तुमच्या वावरात पांढरं काही उगवलं, तर पाया पडण्याआधी बोअरचं पाणी एका स्वच्छ बाटलीत भरा आणि तपासायला द्या. आणि कागद हाती आला की माझ्यासारखा खिशात ठेवू नका. माझ्या त्या तीन दिवसांत भिकननं खालच्या वावराला सहा वेळा पाणी दिलं.