विसातले नऊ

"हा डबा आतून रिकामा आहे, मॅडम," तपासणीला आलेले साहेब म्हणाले. त्यांनी तेरा नंबरच्या संगणकाची बाजूची पत्र्याची झडप उघडली होती आणि आत डोकावून पाहत होते.

"हो सर. तो सात नंबरात गेला."

"गेला म्हणजे?"

"त्याची मेमरी सातला बसवली. डिस्क अकराला. पंखा..." पंखा कुठे गेला ते बाईंना चटकन आठवेना. "पंखा बहुतेक चारला."

मुलं हसली. साहेबांचा चेहरा बघून लगेच गप्पही झाली. साहेबांबरोबर आलेल्या कारकुनाने यादीतून मान वर काढली आणि मुलांना व्हरांड्यात बसायला सांगितलं.

शाळेत बाईंना सगळे संगणकबाई म्हणत. नेमणुकीच्या कागदावर ‘निदेशक, कंत्राटी’ असं होतं, पण तो शब्द कोणाच्या तोंडात कधी बसला नाही. सरकारी योजनेतून वीस संगणक आले, त्याच वर्षी बाई आल्या. योजना पाच वर्षांची होती. ती संपली तशी देखभालीला येणारी माणसं यायची थांबली. संगणक मात्र शाळेतच राहिले आणि बाईही राहिल्या, दर अकरा महिन्यांनी नवा आदेश घेत.

पहिला संगणक बंद पडला तेव्हा बाईंनी अर्ज केला. दुसऱ्याला केला, तिसऱ्यालाही केला. चौथ्या अर्जाला उत्तर आलं: ‘योजनेचा कालावधी संपल्याने देखभालीसाठी तरतूद नाही. उपलब्ध साधनांत अध्यापन सुरू ठेवावे.’ पहिलं वाक्य वाचून मुख्याध्यापकांनी हात वर केले. बाईंनी दुसरं वाक्य आदेश समजून घेतलं.

त्यांचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. तारेला कथलाचा डाग कसा द्यायचा, तुटलेली तार बोटांनी कशी शोधायची हे लहानपणीच अंगवळणी पडलं होतं. शाळा सुटल्यावर बाई थांबत आणि मेलेल्यातलं काढून जगण्यासारख्यात घालत. घरचा मिक्सर सहा महिने बिघडून पडला होता. नवरा म्हणायचा, "आमच्याही नावाने एक अर्ज टाक, म्हणजे नंबर लागेल." अशी सात वर्षं गेली. विसातले नऊ चालत होते. एकेचाळीस मुलं पाळीपाळीने त्यांच्यावर बसत आणि दरवर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत सगळी उत्तीर्ण होत.

आता नवी योजना आली होती आणि तिच्या यादीत शाळेचं नाव होतं. अट एकच होती. जुने संगणक निकाली काढल्याशिवाय नवे मिळणार नाहीत. साहेब त्यासाठीच आले होते. बाईंनी आदल्या दिवशी स्वतः खोली पुसून घेतली होती.

साहेबांनी एकेक डबा उघडला. कारकून डब्यावरचा क्रमांक वाचायचा, मग आतल्या भागांवरचे क्रमांक वाचायचा. एकाचाही दुसऱ्याशी मेळ बसेना. चालणाऱ्या नवांत सगळ्यांची सरमिसळ होती आणि उरलेल्या अकरांत काहीच पुरतं नव्हतं. शेवटी साहेब स्टुलावर बसले आणि त्यांनी कपाळ पुसलं.

ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं. निकाली काढायचा तर संगणक यादीप्रमाणे पूर्ण असायला हवा, मग तो बंद असला तरी चालेल. वीसच्या वीस मेलेले असते तर काम तासाभरात झालं असतं. पण हे भाग इकडचे तिकडे झालेत. रकाने तीनच आहेत: सुस्थितीत, नादुरुस्त, छेडछाड.

"दुरुस्त केलेले, असा रकाना नाही का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग हे नऊ सुस्थितीत लिहा."

"क्रमांक जुळत नाहीत, मॅडम. मी तुमच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं. पण मला ते लिहिता येत नाही."

मुख्याध्यापकांच्या खोलीत जबाब घ्यायचं ठरलं. ही उघडझाक कोणाच्या परवानगीने झाली, असं साहेबांनी विचारलं. बाईंनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. पहिल्यांदा डबा उघडण्याआधी त्या याच टेबलापुढे उभ्या होत्या. तेव्हा सर म्हणाले होते, करा बाई, पोरांचं चालू राहू दे. पाहुणे आले की सर त्यांना मुद्दाम ती खोली दाखवायला नेत, आणि आमच्या बाई मेलेल्यात जीव घालतात म्हणून सांगत.

सर टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत होते. "तसं लेखी काही नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. ते बाईंना ठाऊक होतं. कागद पुढे आल्यावर बाईंनी लिहिलं, ‘सदर दुरुस्ती मी माझ्या जबाबदारीवर केली.’ साहेबांनी वाचलं, ‘दुरुस्ती’ शब्दावर क्षणभर बोट ठेवलं, आणि तो तसाच राहू दिला. पण आपल्या तक्त्यात त्यांनी वीसही ओळींपुढे तिसऱ्या रकान्यात खूण केली.

चौकशी होईपर्यंत खोली मोहोरबंद राहणार होती. शाळेचं नाव नव्या यादीतून प्रलंबितमध्ये जाणार होतं. परीक्षेला एकोणीस दिवस होते. तेवढे दिवस तरी नऊ संगणक उघडे ठेवा, अशी बाईंनी विनंती केली. साहेबांनी तिथल्या तिथे वरिष्ठांना फोन लावला आणि बाईंची बाजू जमेल तशी मांडली. मग बराच वेळ नुसतं ऐकत, हो सर, हो सर म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांना वेगळं काही सांगावं लागलं नाही.

बाई व्हरांड्यात आल्या तोवर कारकुनाने बाहेरच्या पेटीतलं मुख्य बटण बंद करून दाराला कुलूप घातलं होतं. कुलपावर कागदाची पट्टी, पट्टीवर लाख, लाखेवर शिक्का. साहेबांनी वेळ टाकून सही केली. गाडी फाटकाबाहेर गेली.

मुलं भिंतीला टेकून ओळीने बसली होती. पहिल्या बाकावर बसणारी एक अबोल मुलगी उठून जवळ आली.

"बाई, माझा संगणक चालूच राहिलाय. आत वाजतोय."

बाईंनी कान दिला. बंद दाराआड संगणकाला जोडलेला बॅटरीचा डबा थांबून थांबून टीक टीक करत होता. वीज गेली की तो असाच हाक मारायचा.

"आलेख आजच काढला होता," मुलगी म्हणाली. "पंचेचाळीस दिवसांच्या तापमानाचा. आज पहिल्यांदा बरोबर आला. सेव्ह करायचा राहिला."

"आकडे वहीत आहेत ना?"

"आकडे आहेत."

बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. दोन मिनिटांचं काम आहे, तुमच्यासमोर उघडते, असं त्या म्हणाल्या. सर खुर्चीतून उठले, दारापर्यंत आले, लाखेकडे बघत उभे राहिले.

"सील आहे हो, बाई," ते म्हणाले, आणि चष्मा पुसत परत गेले.

बॅटरी वीस मिनिटं टिकायची. ती जुनी होती, म्हणजे फार तर पंधरा. बाईंनी शिपायाकडून वर्गातला लहान फळा मागवून खिडकीच्या कठड्यावर टेकवला. मुलांना वह्या काढायला सांगितल्या. फळ्यावर आडवी रेघ काढली, उभी रेघ काढली, आणि आलेख हाताने कसा काढायचा ते सांगू लागल्या. अबोल मुलीला त्यांनी आकडे वाचायला लावले. ती एकेक आकडा वाचायची, बाई ठिपका द्यायच्या, मुलं वहीत ठिपका द्यायची. मधल्या शांततेत आतला आवाज ऐकू यायचा.

सव्विसाव्या दिवसाला टीकटीक भराभर येऊ लागली. मुलीने वहीतून मान वर केली. बाईंचा खडू फळ्यावर टेकलेला राहिला. मग एक लांबलचक आवाज आला आणि दाराआड सगळं शांत झालं.

"गेला का, बाई?" मागून कोणीतरी विचारलं.

"गेला," बाई म्हणाल्या. "सत्ताविसावा दिवस. वाच."