बोटामागे धावणारे कॉर्नफ्लेक्स

“विहीणबाई, तिची गोळी एक दिवसही चुकू देऊ नका हं. रक्त फार कमी आहे पोरीचं.” निघताना सुनेची आई म्हणाली होती, आणि मी शब्द दिला होता. मी रोजचा जप चुकवत नाही. दिलेला शब्द तर नाहीच नाही.

आज सकाळी कळलं की सातव्या महिन्यात सूनबाईंनी गोळ्या बंद केल्यात. “मळमळतं हो आई. महाराजांचे प्राणकण घेते ना मी!”

म्हणून मी दवाखान्यातल्या नर्सबाईंना घेऊन तिच्यामागोमाग महाराजांच्या सभागृहात गेले. मुंगीला शिरायला जागा नव्हती. टेबलावर काचेचं भांडं, पाण्यावर तरंगणारे पिवळे प्राणकण आणि त्यावरून फिरणारं महाराजांचं गुबगुबीत बोट.

“या रे बाळांनो!” महाराज लाडात आले. कण बोटामागे सरकले.

“अगं बाई, आले की गं!” पुढच्या बायका म्हणाल्या.

मग कुणीतरी घरून आणलेले टोस्टचे तुकडे पाण्यात पडले. ते ढिम्म. “मेलेलं अन्न!” महाराज गरजले. “आणि दवाखान्यातल्या गोळ्या? नुसते दगड!”

“आई, नमस्कार करा ना,” सुनेनं कोपरानं ढोसलं. मी वाकले. आशीर्वादाचा हात डोक्यावर टेकला आणि वर गेला, तो माझ्या केसांतला आकडा घेऊनच. त्यांच्या जाडजूड अंगठीला तो लोंबकळत होता.

“महाराज, माझ्या आकड्यातही प्राण आहे का हो?” मी हळूच विचारलं.

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

“माते, ही तुझी भक्ती...”

“भक्ती माझी देवाशी. तुम्ही अंगठी काढा आणि आता बोलवा.”

“सिद्ध अंगठी आहे! उतरत नाही!”

“काढा की महाराज! बघू तरी!” आता गर्दीच ओरडली.

अंगठी निघाली. महाराजांनी बोट फिरवलं, हाका मारल्या. कण जागचे हलेनात.

“रुसले वाटतं!” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

नर्सबाईंनी मूठभर कण चुरून पाण्यात ढवळले आणि महाराजांकडून अंगठी घेऊन त्यात फिरवली. बाहेर काढली तेव्हा तिला काळी बारीक पूड चिकटली होती. “अंगठीत चुंबक आहे आणि हे लोह. हे साधे दुकानातले कॉर्नफ्लेक्स. कारखान्यात त्यांत लोह मुद्दाम घालतात, काही पावांतही घालतात, या टोस्टांत नव्हतं. खोक्यावर तसं छापलेलं असतं. महाराजांनी फक्त खोकं फेकून दिलंय.”

“म्हणजे लोह आहेच ना त्यात?” सुनेनं विचारलं.

“आहे, चांगलंच आहे, खुशाल खा. पण तुझ्या रक्तातली लोहाची तूट वाटीभर कॉर्नफ्लेक्सनं भरायची नाही. बाळंतपणात रक्त गेलं तर काय करशील? मळमळतं तर सांगायचं होतंस, डॉक्टरांनी गोळी बदलून दिली असती.”

महाराज तोवर मागच्या दाराकडे सरकले होते. मेल्यानं देवाचं नाव घेऊन एका गर्भारशीचं औषध तोडलं! देव मानणारी बाई म्हणूनच सांगते, जो देवाच्या नावानं औषध सोडायला सांगतो, त्याचे हात आधी तपासा. विचारायला पाप लागत नाही.

सून रडत होती. मी अंगठीवरचा आकडा ओढून केसांत खोचला, चपला घातल्या आणि नर्सबाईंच्या मागोमाग गोळ्या आणायला निघाले.