खाऱ्या विहिरीचे ठोकळे

देवमनची छाती एस.टी.तून उतरतानाच फुगली होती. आणि का फुगू नये? नागपूरच्या कॉलेजात त्याचे काँक्रीटचे ठोकळे यंत्राखाली दाबले, तर लेकाचे फुटता फुटेनात! "लिही आता प्रबंध," सर म्हणाले. एम.ई.ची पदवी दारात येऊन उभी राहिली म्हणायची.

साल त्र्याहत्तरचं, दुष्काळाचं. काँक्रीट ओतलं की बरेच दिवस त्याला पाण्यात ठेवावं लागतं, नाही तर ते कच्चं राहतं. पण माणसांच्याच घशाला कोरड, तिथं काँक्रीटला पाणी आणायचं कुठून? देवमनचं संशोधन तेवढ्यासाठीच होतं. खाऱ्या विहिरीचं पाणी चाललं, तर गोडं पाणी पिणाऱ्यांना राहील. म्हणून रिठदजवळच्या आपल्या वस्तीत, घराच्या अंगणातच त्यानं ठोकळे ओतले, खाऱ्या पाण्याच्या हौदात ठेवले आणि कॉलेजला परतताना आईला बजावलं, "माय, हौद आटू देऊ नको. खारंच पानी टाकजो." मुदत भरल्यावर ठोकळे त्यानं एका ट्रकवाल्याकरवी नागपूरला मागवून घेतले.

आता घरात शिरल्या शिरल्या त्यानं पेढ्यांचा पुडा तिच्या हातात दिला. "माय, ठोकळे पास झाले!"

भागिरथाबाई अशी हसली, जणू यंत्र तिनंच फिरवलं होतं. "मले ठावंच होतं. तुही एस.टी. गेली तसा मी हौद उपसला. खारं पानी ठेवलंच नाही."

"काय?"

"अरे, त्या खाऱ्या इहिरीवर माही अर्धी जिंदगी गेली. गोड्या इहिरीवर आपल्याले कोनी चढू देत नव्हतं. आता कुठं तिचं पानी घरात आलं, अन् तुह्या शिक्षणाले मी खारं घालू? बाप्पा! माह्या वाट्याची घागर मी रोज हौदात ओतली."

देवमन मटकन खाली बसला. झालं! सगळी मेहनत पाण्यात. गोड्या पाण्यात ठोकळे पक्के होतात, हे शेंबडं पोरही सांगेल. गप्प बसावं का? सर थोडेच इथं विचारायला येणार होते! पण उद्या त्याच्या प्रबंधावर विसंबून कुणी शाळेचं छत ओतलं अन् ते खाली आलं तर? नाही, खरं सांगावंच लागणार होतं. पदवी लांबली. त्याला असा संताप आला म्हणता!

"काय करून बसली वं माय तू!" तो ओरडला. तिनं पुड्यातून काढलेला पेढा हातातच राहिला. तिचे फुटलेले ओठ त्याला तेव्हा कुठं दिसले.

"अन् तू काय पेत होती?" त्यानं हळूच विचारलं.

"खारं," ती म्हणाली. "मले कुठं पास व्हायचं हाय?"

देवमनला रडूच आलं. डोळे पुसून तो उठला, घागरीतून तांब्याभर गोडं पाणी घेतलं आणि तिच्या हातात दिलं.

"ठोकळे पुन्हा ओततो, माय. या वक्ती खारं त्यायले."

"अन् नापास झाले तं?"

"झाले तं झाले. तू पे."